संगमावर उलटलेली होडी

लग्न होऊन कराडला आले तेव्हा सासऱ्यांशी बोलायचं काय, हा मला मोठाच प्रश्न होता. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ऊस आणि बातम्या सोडून तिसऱ्या विषयावर तोंड उघडायचे नाहीत. "चहा घेणार?" "घेतो." एवढ्यावर आमचा दिवस निभायचा. एका रविवारी दुपारी मी, नवरा आणि कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ मांडून बसलो होतो. आबा शेजारी पेपर वाचत होते. थोड्या वेळानं पेपर खाली ठेवून म्हणाले, "मला बी घ्या की."

खेळ सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण आता काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वाद झालाच तर शेवटचा शब्द गेम मास्टरचा. आमच्याकडे गेम मास्टर मी. आबा झाले नावाडी, म्हातारा आणि तिरसट, म्हणजे फारसा अभिनय करायची गरजच नव्हती. पण त्यात ते असे रमले की आठवड्यात मधेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "त्या दरोडेखोरांचं पुढं काय झालं गं?" मग मी पोळी करपेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसायची. मला या घरात आपलं वाटायला लागलं ते त्या गप्पांमुळे.

आणि मग तो रविवार आला. दरोडेखोर मागे लागलेले, आबांची होडी नदीतून सुसाट निघालेली. मी म्हटलं, "पुढे संगम आहे."

"मग काय काळजीच न्हाई," आबा खुशीत म्हणाले. "संगमाव होडी दमानं घ्यायची, जोर मोडला की काठाला लावायची."

"जोर मोडत नाही, आबा. होडी मोठ्या धारेत ओढली जाते. पंधराच्या वर पाडा."

आबांना सहा पडले. होडी उलटली, असं मी जाहीर केलं.

"उलटंल कशी? दोन नद्या समोरासमोर येत्यात, पानी पान्याला रेटतंय. ल्हानपनापासनं बघतोय मी!"

"छे! एक नदी दुसरीला बाजूनं येऊन मिळते. संगम असाच असतो."

"कुठं असतो?"

"सगळीकडे!"

नवरा मधे पडला. "आबा, ऑर्डर म्हणजे ऑर्डर. शेवटचा शब्द गेम मास्टरचा."

"ऑर्डर देनाऱ्यानं आदी नकाशा दाखवायचा असतोय," आबा उठलेच. "तुमचा खेळ तुमी खेळा."

माझाही पारा चढला. नियम तो नियम, सासऱ्यांसाठी काय वेगळा फासा आणायचा? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं, "चहा घेणार?" "घेतो." दरोडेखोरांची चौकशी नाही, काही नाही. दोन-तीन दिवसांतच मला रडू यायला लागलं. नावाडी बुडाला तर बुडाला, पण माझ्याशी बोलणारे आबा मला परत हवे होते.

शेवटी न राहवून म्हटलं, "आबा, मला तुमचा संगम दाखवा." ते चपला घालून स्कूटरवर मागे बसले. संगमाच्या घाटावर मी अनेकदा भेळ खाल्ली होती, नदीकडे मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं. खरंच, कृष्णा इकडून, कोयना तिकडून, अगदी तोंडासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. मला हसूच फुटलं. माझं माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचं. तिथं वारणा बाजूनं येते आणि कृष्णेत मिळून जाते. मी संगम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोच यायचा. तसं मी आबांना सांगितलं.

"मग तुझा बी दाखव," आबा म्हणाले.

शनिवारी आम्ही हरिपूरला गेलो. माझे वडील त्यांना घाटावर घेऊन गेले. आबा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत फक्त उसाबद्दल बोलले.

रविवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. आबा चहाचा कप घेऊन आले, खुर्ची ओढली. मी घाईघाईनं म्हटलं, "आबा, मागचा निर्णय रद्द. कराडचा संगम धरू. होडी काठाला लागली."

"थांब जरा. गोष्ट कोन सांगतंय?"

"मी."

"मग नदी तुझ्या माहेरचीच. बघून आलो की काल. तितं होडी ऱ्हात न्हाई. सहा पडल्यात ते पडल्यात, बुडला म्हातारा."

"अहो, मग तुम्ही खेळणार कसे?" मैत्रिणीनं विचारलं.

आबांनी चहाचा घोट घेतला. "त्याची सून हाय की. वल्हं घिऊन काठाव हुबी हाय. लय हट्टी हाय, पन नदी तिला ठावी हाय. आता ती म्हंजी मी."

नवरा खाली मान घालून हसत होता.

"सांग की पुढं," आबा म्हणाले, आणि फासा उचलला.