श्यामला हिल्सवर हाताची घडी

नागपूरहून गाडी सुटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच मल्हारनं खिडकीचे गज, समोरच्या काकूंची पिशवी आणि वरच्या बर्थवरून लोंबणारा एका अनोळखी माणसाचा पाय, अशा तिन्ही ठिकाणी हात लावून घेतला होता. मल्हार पाच वर्षांचा. त्याची ताई ओवी आठ वर्षांची. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खिडकीबाहेर पाहत बसली होती.

"मुलगी किती शहाणी आहे हो तुमची!" काकू म्हणाल्या.

मी हसले. पण हे कौतुक हल्ली मला नको वाटतं. ते का, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत दोन पोरं घेऊन मी एकटी भोपाळला कशासाठी निघाले तेही कळेल.

मी एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. वीस वर्षं झाली. आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेचं कपाट आहे आणि त्यावर माझ्याच अक्षरात पाटी आहे, 'हात लावू नये'. आतली उपकरणं आजही खोक्यातून काल काढल्यासारखी दिसतात. याचा मला फार अभिमान होता. गेल्या उन्हाळ्यात ओवीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून एक दिवस तिला सोबत नेलं. टेबलावर काचेचा लोलक होता. तिनं तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला, भिंतीवर रंग पडले, ती आनंदानं ओरडली आणि लोलक हातातून निसटला. मी सगळ्यांसमोर तिच्या हातावर फाडकन मारलं.

तेव्हापासून ओवी कशालाच हात लावत नाही. फ्रिज उघडायचा तरी आधी विचारते, "आई, हात लावू का?" पाहुणे म्हणतात, काय वळण लावलंय! शाळेतल्या बाईंनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, की प्रयोगाच्या तासाला ही साहित्य हातात घेत नाही, दुसऱ्यांचं लांबून बघते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीचा हात मीच बांधून ठेवला होता आणि तो कसा सोडवायचा ते मला कळत नव्हतं.

अशात नणंदेचा, वंदनाताईंचा फोन आला. त्या भोपाळला मिसरोदमध्ये राहतात, भाऊजी मंडीदीपच्या एका कारखान्यात आहेत. "अगं ये ना बच्चेलोकांना घेऊन! इथे श्यामला हिल्सवर विज्ञान केंद्र आहे, बढिया आहे एकदम." ह्यांना रजा नव्हती. मी म्हटलं, मी जाते. मुक्काम नणंदेकडे, डबा घरचा, फिरणं सिटीबसनं. आमच्यासारख्यांची सहल अशीच होते आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

बैतूलच्या पुढे घाट लागला. बोगदा आला की मल्हार किंचाळायचा. ओवी बोगदे मोजत होती, पण मनातल्या मनात.

वंदनाताईंच्या घरचं मराठी ऐकण्यासारखं आहे. त्या अजून आपलं साजूक बोलायचा प्रयत्न करतात, पण वीस वर्षांचं भोपाळ मधूनमधून उसळी मारतंच. "सकाळी लवकर निघा, धूप व्हायच्या आत. तिथे चढाई आहे. ऑटोवाले जास्त मांगतात, तू बिलकुल देऊ नकोस." त्यांच्या मुलांची सुट्टी आमच्याआधीच संपली होती, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो.

लाल सिटीबस होशंगाबाद रोडवरून निघाली. मी पॉलिटेक्निक चौराह्यावर (चौकाला इथे चौराहाच म्हणायचं) उतरले आणि आधी पोहे खाल्ले. भोपाळचे पोहे पिवळेधमक, वाफाळलेले, वर शेव, कच्चा कांदा आणि जीरावन (आंबटतिखट मसाल्याची भुकटी). सोबत गरम जिलबी. नागपूरकराला पोह्यांवर झणझणीत रश्श्याची तर्री नसली की चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण खरं सांगते, दुसऱ्या घासानंतर मी तर्रीला विसरले. हे घरी कोणाला सांगू नका.

मग चढ. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पदराची पिन काढून तो कसाबसा जोडला आणि मान वर केली, तर झाडांच्या फटीतून मोठा तलाव दिसत होता. ह्याला तलाव म्हणणं म्हणजे भोपाळकरांचा विनयच. पार क्षितिजापर्यंत पाणी, त्यावर सकाळचा कोवळा उजेड आणि एक एकटीच होडी. शहराच्या ऐन मध्यात एवढी शांतता असू शकते, यावर माझा विश्वास बसेना. मल्हार म्हणाला, "समुद्र!" मी त्याला दुरुस्त केलं नाही.

विज्ञान केंद्राचं तिकीट आमच्या खिशाला सहज झेपणारं होतं. आवार स्वच्छ, झाडं भरपूर, बागेत एक भलामोठा डायनासोर. त्याला बघून मल्हारनं माझ्या साडीत तोंड लपवलं, मग एक डोळा उघडला आणि मग त्याची शेपटी धरायला धावला. मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

आता आमच्या हातून जे घडलं ते सांगायला लाज वाटते. दालनात शिरताना मी सवयीनं दोघांना म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर तुमचेही हात आता आपोआप हलले असतील. मल्हारचा हात मी हातात गच्च धरला. आणि आम्ही तिघं प्रत्येक उपकरणापुढे उभे राहून त्याच्याखालची पाटी वाचत चाललो. मी वाचायची, समजावायची, पुढे सरकायची. माझ्याजवळ वही होती, त्यात मी ओवीसाठी टिपणंही काढत होते. चाकं, आरसे, चुंबकं, हवेवर तरंगायला तयार असलेला चेंडू, सगळं गप्प बसलं होतं आणि त्यांच्यापुढे आम्हीही. असा चांगला तासभर गेला. मला तर वाटत होतं, काय शिस्तीत पाहणं चाललंय!

एक गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे बघत होते. साठीच्या जवळ आलेले, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. शेवटी ते जवळ आले आणि अदबीनं म्हणाले, "मैडम, आप लोग इन्स्पेक्शन पे आए हैं क्या?"

"नहीं तो. बच्चों को दिखाने लाई हूँ."

"तो दिखाइए ना! आप तो पढ़ के निकल जा रही हैं. एक घंटे से देख रहा हूँ, किसी ने एक बटन नहीं दबाया. मैं समझा, ऊपर से कोई जाँच आई है."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की वस्तूंना हात लावून, चालवून बघा. त्या पाटीखालूनच आम्ही आत आलो होतो. मी ती वाचलीच नव्हती. दारावरच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे, अशा ऐटीत मी आत शिरले होते.

रईसभाई त्यांचं नाव. उपकरणांची देखभाल करायचे. मीही त्याच धंद्यातली आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग तुमची लॅब कशी आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, की वीस वर्षांत आमचं एकही उपकरण झिजलेलं नाही.

रईसभाईंनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपला. मग म्हणाले, "बुरा मत मानिएगा. मेरे यहाँ जो चीज़ छह महीने खराब नहीं होती, उसकी मुझे फ़िक्र लग जाती है. मतलब बच्चे उसके पास जा ही नहीं रहे."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. चांगलंच लागलं. माझं ते चकचकीत कपाट डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची शरम वाटली.

मी मल्हारचा हात सोडला. पुढच्या क्षणी तो चेंडूपाशी होता आणि सगळं दालन त्याच्या आरोळ्यांनी भरून गेलं. ओवी मात्र जागची हलली नाही. हाताची घडी तशीच.

"बिटिया, चलाओ," रईसभाईंनी वेगवेगळ्या लांबीच्या पाइपांकडे बोट दाखवलं. ते रबरी थापीनं वाजवायचे होते. त्यांनी स्वतः वाजवून दाखवले. लांब पाइप घोगरा, आखूड पाइप कोवळा. ओवीचे डोळे चमकले. पण तिनं मान हलवली. "फुटलं तर?" ती मला पुटपुटली. पाइप लोखंडाचा होता.

रईसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या धंद्यातल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. "इसे बाहर ले जाइए," ते हळूच म्हणाले. "वो तश्तरियाँ हैं. वहाँ हाथ लगाना नहीं पड़ता."

बागेत दोन मोठ्या वाटोळ्या थाळ्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. मध्ये क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही जास्त अंतर. एकीपुढे कुजबुजलं की दुसरीपुढे उभ्या असलेल्याला ऐकू जातं. मी ओवीला तिकडे उभं केलं, इकडे येऊन थाळीत तोंड घातलं. घरात समोरासमोर पाच-सहा महिने जे जमलं नव्हतं, ते इथे पाठमोरं असल्यामुळे तोंडातून आलं.

"ओवी, लोलक पडला तेव्हा मी तुला मारलं ना, ते माझं चुकलं. फार चुकलं."

मी कान थाळीकडे केला. मग कानाशी, अगदी कुशीत झोपल्यावर येतो तसा तिचा आवाज आला.

"आई, तो फुटला नव्हता. नुसता टवका उडाला होता."

"हो गं."

"मग रंग अजून पडतात?"

मला ठाऊकच नव्हतं. मी त्या दिवसानंतर तो लोलक बाहेर काढलाच नव्हता. मी खरं ते सांगितलं. आणि त्या थाळीत तोंड घालूनच पदरानं डोळे पुसले. येणारेजाणारे बघत होते, बघोत.

दुपारी झाडाखाली डबा उघडला तर पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल राहिलेलं, पोळ्या भिजून लगदा. तिखट पुऱ्या तेवढ्या वाचल्या होत्या. त्या रईसभाईंनाही दिल्या. त्यांनी चहा पाजला आणि पुरी खाताना म्हणाले, "को खां (भोपाळी लोकांचं 'काय हो'), नागपुर में मिर्ची सस्ती है क्या?"

चहानंतर ते आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक फिकट हिरवी भिंत होती. भिंतीला टेकून उभं राहायचं, लख्खकन दिवा चमकतो आणि आपण बाजूला झालो तरी आपली सावली भिंतीवरच राहते. मल्हारनं एका पायावर उभं राहून सावली काढली. मग ओवी पुढे झाली. पाठ टेकवली. घडी घातलेलीच. रईसभाई बटणाकडे गेले आणि थांबले. घाई केली नाही. अंधारात आम्ही सगळेच थांबलो होतो.

"आई," ओवी म्हणाली, "हात लावू का?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं.

ती भिंतीकडे वळली. तिनं घडी सोडली आणि दोन्ही तळहात, दहाही बोटं फाकवून, भिंतीला चिकटवले. उजेड झाला. ती बाजूला झाली. हिरव्या भिंतीवर तिच्या सावलीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे काळे पंजे उमटले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, ते पुसट होईपर्यंत. आणि मग म्हणाली, "परत."

आम्ही संध्याकाळी शेवटच्यांपैकी बाहेर पडलो. पाइप इतके वाजले, की रईसभाईंनी कानांवर हात ठेवले. "अब ये जल्दी खराब होगा," ते म्हणाले, आणि एखाद्याची तब्येत सुधारल्याचं सांगावं तसे खुश दिसले. उतारावर चपलेचा अंगठा पुन्हा निघाला, मी अनवाणीच खाली आले. तलावात सूर्य बुडत होता. या शहरावर माझा फार जीव जडला आहे, हे मी तेव्हा वंदनाताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस पकड आधी, भीड होईल."

नागपूरला परतून आठवडा झाला असेल. आमच्या शोकेसमध्ये सहा काचेचे पेले आहेत. लग्नात आलेले. खास पाहुण्यांसाठी ठेवलेले, आणि इतका खास पाहुणा आमच्याकडे अजून आलेला नाही. रविवारी मी भाजी निवडत होते आणि स्वयंपाकघरातून टिंग टिंग आवाज यायला लागला. एक घोगरा, एक कोवळा. ओवीनं न विचारता पेले काढले होते, प्रत्येकात कमीजास्त पाणी भरलं होतं आणि ती चमच्यानं वाजवत होती. मी दारात गेले, आणि नेमका तेव्हाच एक पेला ओट्यावरून खाली पडला.

खळ्ळकन आवाज झाला. माझा हात वर गेला. खोटं कशाला बोलू, सवयीनं गेलाच. ओवीनं तो पाहिला. पण तिनं हात मागे लपवले नाहीत. चमचा धरून ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

वर गेलेल्या हातानं मी कोपऱ्यातला झाडू घेतला. "आधी चपला घाल," मी म्हटलं. "काच लागेल."

काच भरून झाल्यावर आम्ही दोघी उरलेल्या पाचांपुढे बसलो. कशात किती पाणी घातलं की कसा आवाज येतो, ते तिनं मला शिकवलं. संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा पेल्यांतलं पाणी ओतायला ती तयार नव्हती, म्हणून त्यांना सरबत स्टीलच्या ग्लासातून दिलं.