हातभर अंतरावरचा उजेड

कडेगावचे लालासाहेब पुण्याहून डॉक्टर होऊन आले, तेव्हा भावकीतली निम्मी माणसं आपापली दुखणी घेऊन ओसरीवर बसली. हा डॉक्टर सुई टोचत नाही हे कळल्यावर त्यांनी तोंडं वाकडी केली आणि चहा पिऊन गेली. लालासाहेबांची इतकी अचूक पारख पुढं फार थोड्यांनी केली.

त्यांचा विषय तसा नाजूक. काही रंगांचे रेणू प्रकाश गिळतात आणि चमकतात. अशा रेणूच्या लगत, त्याच्याशी सूर जुळणारा दुसरा रेणू असला, की पहिला स्वतः चमकत नाही. आपली ऊर्जा मुकाट दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, आणि चमकतो तो दुसराच. मध्ये तार नाही, प्रकाशाचा किरणही नाही. अट एकच, अंतराची. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करावेत आणि त्यातल्या एखाद्या भागाइतके ते दोघं जवळ असावेत. अंतर दुप्पट झालं की हा व्यवहार चौसष्ट पटींनी घटतो. परदेशात कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी मांडलेला हा सिद्धांत लालासाहेबांनी प्रबंधात उतरवला, मागं स्वतःचे प्रयोग जोडले आणि नावाआधी 'डॉ.' लावलं.

त्र्याहत्तर साली ते इस्लामपूरच्या एका कॉलेजात रुजू झाले. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव ऊसवाले. त्यांना विज्ञानातलं कळत नव्हतं, पण पाहुण्यांना दाखवायला काहीतरी लागत होतं. लालासाहेबांनी ते पुरवलं. खोलीत अंधार करायचा, जांभळ्या दिव्यापुढं एक परीक्षानळी धरायची. ती हिरवी चमके. मग त्यात दुसऱ्या रंगाचे थेंब टाकायचे, की हिरवं मावळून तांबडं उजळे. "ऊर्जा गेली!" लालासाहेब गंभीर आवाजात सांगत. "तारेशिवाय गेली!" लोक टाळ्या वाजवत. दुष्काळानं पोळलेल्या मुलखात 'तारेशिवाय' हा शब्द फार लवकर पसरला, आणि लालासाहेबांनी तो एकदाही अडवला नाही.

पंचाहत्तर साली लोणंदच्या अंजनाबाई रसायनशास्त्र शिकवायला आल्या. वडील रेल्वेत, मुलगी सरळ बोलणारी. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी त्यांनी रिकाम्या प्रयोगशाळेत लालासाहेबांना गाठलं.

"सर, तुमच्या नळीत रंग फार पातळ आहेत. रेणू एकमेकांपासून लांब आहेत. हिरव्याचा उजेड बाहेर पडतो आणि तांबडा तो गिळून चमकतो, एवढंच होतंय. तुमचा सिद्धांत त्यात कुठंच नाही."

"पुण्याला मोठमोठ्यांनी पाहिलंय हे, बाई."

"मग दोन रंग दोन नळ्यांत ठेवा. मध्ये हातभर अंतर. तांबड्यावर दिव्याचा उजेड पडू नये म्हणून पुठ्ठा आडवा लावा. तरीही तांबडा चमकला, तर मी म्हणते ते खरं."

लालासाहेबांनी त्यांच्यासमोरच करून पाहिलं. फिकट का होईना, तांबडी नळी हातभर अंतरावरून चमकली. त्यांनी दिवा मालवला. मग हळू म्हणाले, "मला ठाऊक होतं. पुण्यातच दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. पण मार्गदर्शक निवृत्तीला आले होते, घरी म्हातारी वाट बघत होती. पुन्हा सुरुवात कोण करणार?"

अंजनाबाईंना त्या क्षणी माणसाची कीव आली. उद्या हे व्यासपीठावर खरं सांगतील, अशीही आशा वाटली. नव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. लालासाहेबांनी दोन नळ्या मागवल्या, पुठ्ठा लावला, दिवे घालवले. तांबडी नळी उजळली.

"मंडळी," ते गरजले, "आजवर जगानं ही ऊर्जा केसाच्या दहाहजाराव्या भागापलीकडं जाताना पाहिली नव्हती. आज इस्लामपुरात ती हातभर गेली!"

आपल्याला खोटं पाडणारा पुरावा इतक्या थाटात, स्वतःच्या हातानं, हारतुऱ्यांसकट मांडणारा दुसरा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत झाला नसेल. हंबीररावांनी उठून मिठी मारली. "हातभर गेली, तर विहिरीवर न्यायला कितीसा येळ? लय भारी, गड्या!" अंजनाबाई उभ्या राहून "हे चूक आहे" म्हणाल्या. मागच्या रांगेनं त्यांना टाळ्यांत बुडवलं.

वर्षाच्या आत लालासाहेब प्राचार्य झाले. अंजनाबाईंचे तास काढून घेण्यात आले, तेव्हा त्या सांगलीला दुसऱ्या नोकरीवर गेल्या आणि पोरांना तो सिद्धांत नीट शिकवू लागल्या. इकडं लालासाहेब शहात्तरच्या उन्हाळ्यात सत्कारांचे नारळ मोजत बसले. प्रयोगशाळेत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. नळ्या कुणी धुवायला घेतल्या तरी ते तिकडं बघत नसत.

एके दिवशी आटपाडीकडचा धुळा आणि त्याची बायको तानुबाई एसटीनं आली. पूर्वी मेंढरं राखायची, आता विहीर काढून शेती करत होती. विहिरीपर्यंत विजेचा खांब आला नव्हता. हातभराची बातमी मात्र आली होती.

"आवं सायेब," धुळा हात जोडून म्हणाला, "बिनतारंची वीज आमच्या हिरीला कवा मिळंल?"

लालासाहेबांच्या जिभेवर खरं यायला ह्याहून सोपी वेळ नव्हती. समोर ना पाहुणे, ना अध्यक्ष. दोन माणसं, तीही उन्हातून आलेली. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "संशोधन चालू आहे."

"आजून किती लांब जायाची ऱ्हायलीया?"

"वाढतंय अंतर. हळूहळू वाढतंय."

तानुबाई इतका वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं पदर खोचला.

"उटा," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यांचं काय बी चालू न्हाई. त्वांड तेवडं चालू हाय."

लालासाहेबांनी शिपायाला हाक मारली आणि अशी माणसं पुन्हा थेट आत सोडायची नाहीत म्हणून बजावलं.