स्पीकरचा कोपरा

पॉलिशचा वास आला की मला बर्डीच्या बाजारातलं ते स्पीकरचं दुकान आठवतं. नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी मला जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे उंच स्पीकर हवे होते, आणि सोबत बाबा आले होते, जन्मभर सुतारकाम केलेले. दुकानातल्या बंद खोलीत स्पीकरवरचा तबला छातीवर आदळत होता आणि मी खूश होतो. बाबा मात्र उठले आणि दार विकत घेताना बघतात तसं बोटांच्या पेरांनी स्पीकरला ठोकू लागले. "हे पोकळ वाजून राहिलं गा," ते म्हणाले. विक्रेत्यानं हसत त्यांचा हात झटकला, "काका, स्पीकर पोकळच असतो." मी त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं त्याच स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटलं, एकदा नाही, दोनदा. लाकडाचा टवका उडाला, त्याची भुवई फाटली, काळ्या जाळीवर रक्त सांडलं. तबला चालूच होता. बाबांनी मला मागे ओढून सणकन कानाखाली वाजवली. मग आपल्या गळ्यातला दुपट्टा त्याच्या कपाळावर दाबत मला म्हणाले, "त्यानं हात बाजूले केला फक्त. तू काहून मारलं त्याले?" ती जोडी आम्हालाच घ्यावी लागली. घरी बाबांनी फुटक्या कोपऱ्यात सागवानाचा तुकडा बसवला, वरून पॉलिश मारलं, पण त्या स्पीकरवर गाणं लागलं की ते उठून गॅलरीत जायचे. आता ते नाहीत. तो जोड आलेल्या-गेलेल्या कुणालाच दिसत नाही; धूळ पुसताना माझ्या बोटाला मात्र बरोबर सापडतो.