साडेतीनशेची कोंबडी

माझे अक्षर वाईट आहे, वाचणाऱ्याने समजून घ्यावे. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हते, आता तर सगळे अंदाजानेच लिहिते. आमचे मास्तर पाटी बघून म्हणायचे, हे अक्षर नाही, कोंबडीचे पाय आहेत. आणि मला लिहायचे आहे तेही एका कोंबडीचेच. तोंडाने हे मी कोणाला सांगितले नाही. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते.

माहेर माझे धुळ्याकडचे. लग्न होऊन जळगावला आले. असोद्याच्या रस्त्याला आमचे घर होते. घरात सासूबाई, हे, मी आणि आमची एकुलती मुलगी. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आजूबाजूला सगळी केळीवाल्यांची घरे, ख्रिस्ती घर आमचे एकच. रविवारी आम्ही पायी शहरातल्या चर्चला जायचो. रोज दिवे लागले की सतरंजीवर बसून घरची प्रार्थना व्हायची. ती हेच चालवायचे. त्यांचा आवाज चांगला होता. बाहेर कोणाशी फार न बोलणारा माणूस देवाशी मात्र मोकळा बोलायचा, ते ऐकायला मला आवडायचे.

मुलगी सात वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. डॉक्टर झाले, औषधे झाली, ताप हटेना. आम्ही नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. एका दुपारी सासूबाई उशाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "प्रभू, पोर उठू दे. तिची तांबडी कोंबडी तुझी."

ती कोंबडी मुलीने पिलापासून वाढवली होती. मुलगी शाळेतून आली की कोंबडी तिच्या मांडीवर येऊन बसायची.

मुलगी उठली. फ्रॉकमध्ये नुसती हाडे राहिली होती, पण उठली. मग थंडीत चर्चचा हंगामाचा सण आला. त्या दिवशी ज्याच्या घरी जे पिकले ते तो घेऊन येतो. ज्वारी, भोपळे, केळीचा घड, अंडी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. तिथली किंमत बाजाराची नसते, हौसेची असते. पाच रुपयांचा भोपळा पन्नासला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. सासूबाईंनी तांबडीचे पाय सुतळीने बांधून तिला भोपळ्यांच्या शेजारी ठेवले.

लिलाव चर्चचे खजिनदार काका करायचे. ते शाळेत शिक्षक होते आणि भारी विनोदी. कोंबडी उचलून म्हणाले, "बघा, तरणीताठी आहे. सबंध उपासनेत एकदा ओरडली नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा शहाणी."

सगळे हसले. आमची मुलगी हसली नाही. यांचा सदरा धरून एवढेच म्हणाली, "बाबा, माझी तांबडी."

हे म्हणाले, "पंचवीस."

"पन्नास," मागून आवाज आला. दीपनगरहून आलेले एक ठेकेदार भाऊ होते. माणूस चांगला. दरवर्षी चढवूनच घ्यायचे आणि घेतलेले चर्चच्याच विधवा बायांना देऊन टाकायचे. त्यांना आमचे काय माहीत?

हे शंभर म्हणाले. ते दीडशे म्हणाले.

"चढू द्या भाऊ, देवाच्या घरचं आहे," काका म्हणाले.

दोनशे झाले. अडीचशे झाले. पुरुषांतून कोणीतरी म्हणाले, "जिनिंगवाले दमले वाटतं." यांचे कान लाल झालेले मला बायकांच्या बाजूने दिसत होते. मी पदर दातात धरून बसले होते. उठून मुलीला बाजूला नेले असते तरी पुरे होते, पण एवढ्या लोकांतून उठून जायचा मला धीरच झाला नाही.

"तीनशे," ठेकेदार म्हणाले.

"तीनशे एक्कावन्न," हे म्हणाले.

ठेकेदारांनी हसून हात जोडले. "घ्या भाऊ, तुमचीच." एक वार, दोन वार, तीन वार झाले. टाळ्या वाजल्या. यांचा महिन्याचा सगळा पगारच तेवढा होता, पैसे मागाहून द्यायचे ठरले.

घरी आल्यावर सासूबाईंनी कोंबडीसमोर हात ओवाळला. "या महाराणी, पाट मांडू का?" मग यांच्याकडे वळल्या. रागावल्या की त्या अहिराणीत बोलायच्या. "देवले देल कोंबडी परत घर लई उना. आते पैसा कोठून देशी?"

"पगार होऊ दे, माय."

शेजारच्या अक्का हसत हसत कोंबडी बघायला आल्या. "तुमच्यातबी लिलाव व्हतो का व माय? आमच्या गणपतीचा नारळ असाच चढला होता. घेणारा अजून तोंड चुकवतो." मीही हसले. मला वाटले, असे तोंड चुकवणे दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे आहे.

पगारातून पैसे निघाले नाहीत. मुलीच्या दुखण्याची उधारी आधी उभी होती. त्या वर्षी कापूस कमी आला आणि जिनिंग लवकर बंद पडली. पुढच्या रविवारी हे म्हणाले, "तुम्ही जा, माझं डोकं दुखतंय." त्याच्या पुढच्या रविवारी रेल्वे फाटकापर्यंत आले आणि मागे फिरले. मग फाटकापर्यंतही येईनात. चर्चमध्ये पैसे कोणी मागितले नाहीत. कोणी मागितले असते तर बरे झाले असते. फक्त पोरे आमच्या मुलीला 'साडेतीनशे' म्हणायची.

घरची प्रार्थना सासूबाई चालवू लागल्या. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ येते, तिथे यांचा आवाज बंद व्हायचा. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची एक ओळ राहिली." हे उठून कोंबडी झाकायला गेले.

उन्हाळ्यात कोंबड्यांत मर आली. आळीतल्या सगळ्या गेल्या, त्यात तांबडीही गेली. मुलीने तिला केळीच्या पानात गुंडाळून पुरले. हे ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "कोंबडी मेली, पैसे जिवंत आहेत."

मग चर्चचे पाळकसाहेब घरी आले. मी चहा ठेवला. ते यांना म्हणाले, "भाऊ, समितीने ठरवलंय. ते पैसे सोडून द्यायचे. तुम्ही उपासनेला या."

"साहेब, पोर वाचली ती फुकट वाचली म्हणू का मी?"

"फुकटच वाचली. कृपा विकत कुठे मिळते?"

यांनी नकाराची मान हलवली. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्हाला ते पचतं. मी सगळ्यांसमोर, देवाच्या अंगणात शब्द दिलाय."

मी चुलीपाशी सांडशी हातात धरून उभी होते. 'घ्या ना हो, ते देताहेत तर घ्या,' एवढेच मला म्हणायचे होते. चहा उतू गेला, पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले.

पुढे यांना दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदारीवर कोळशाची राख उचलायचे काम मिळाले. तेही त्याच ठेकेदार भाऊंकडे. त्यांना कोंबडी आठवतही नव्हती. हे शनिवारी घरी यायचे, तेव्हा कानात, भुवयांत राख असायची. जमेल तेव्हा दहाची, वीसची नोट माझ्या हातावर ठेवायचे. "काकांना दे." उपासना संपली की मी गर्दी पांगेपर्यंत चिंचेखाली थांबायची.

"वहिनी, भाऊ येत नाहीत?" काका विचारायचे. मी नोट पुढे करून पायाकडे बघायची.

मला मोठ्या प्रार्थना येत नाहीत. भाकरी थापताना एवढेच म्हणायची, प्रभू, यांना आत आण, पैशाचे नंतर बघ. दोन वर्षे तेच म्हटले. यांना मी ओढून नेऊ शकत नव्हते आणि देवही ओढत नव्हता. कधी कधी वाटायचे, पोर मागितली तेव्हा ऐकलेस, आता का ऐकत नाहीस? मग त्या विचाराचीच भीती वाटायची.

शेवटची नोट राहिली त्या आठवड्यात मला हिवताप भरला. सासूबाई माझ्यापाशी बसल्या. हे म्हणाले, "पुढच्या रविवारी दे." मुलगी म्हणाली, "बाबा, आपण जाऊ. तुम्ही बाहेर थांबा, मी देऊन येते."

ती दोघे गेली. मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडले होते. उन्हे अंगणात आली तरी त्यांचा पत्ता नव्हता.

मुलगी आधी आत आली. मी विचारले, "दिलेस?"

"मला सगळ्यांसमोर जायची लाज वाटली," ती म्हणाली. पोर माझ्यावरच गेली आहे. "मी दारातच उभी राहिले. मग बाबाच आत गेले."

"आणि?"

"दिले. मग गाणं सुरू झालं, तर बसले."

"कुठे बसले?"

"मागे, चपलांपाशी."

"प्रभुभोजनाची भाकर घेतली का?"

"आज प्रभुभोजनाचा रविवार नव्हता ना, आई."

हे माठापाशी पाठमोरे उभे राहून पाणी पीत होते. तांब्या पालथा घातला, माझ्या कपाळाला ओला हात लावून बघितला आणि म्हणाले, "फिटले."