काळ्या मातीला गाईड

औशाच्या किल्ल्याची पायरी महिन्याभरात बोटभर उंच झाली होती. आमच्या मोजणीत तरी तसं दिसत होतं.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लेक्चरर होतो. शिकवणं सगळं उर्दूत. दर साली मुलांना सर्व्हे कॅम्पला न्यायचं काम माझ्याच गळ्यात पडे. कॅम्पात आधी तंबूजवळ एक दगड पुरतात, त्याला बेंचमार्क म्हणतात. बाकी साऱ्या उंच्या त्या दगडापासून लेव्हल नावाच्या दुर्बिणीनं मोजायच्या. तो हलला की सगळंच चुकलं.

मोजणी नरहरीची होती. लोहा गावाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावर पाया कसा घालावा, हा विषय त्याला शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी हवा होता. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. आमचे सदरसाहेब, म्हणजे विभागप्रमुख, विलायतेत धरणं शिकून आलेले. ज्याला लेव्हल धड वाचता येत नाही त्याला स्वतःचा विषय कशाला, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. नरहरीचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तो माझ्या तंबूत आला.

"सर, किल्ला कशाला हलंल? आपला दगडच खाली बसलाय. काळ्या रानात पुरलाय."

"दाखवून दे मग."

शेजारच्या विहिरीच्या कातळाची उंची आम्ही आल्या आल्या घेतलेली होती. नरहरीनं ती पुन्हा घेतली. पायरी आणि कातळ, दोन्ही आमच्या दगडापासून आधीपेक्षा सारखेच बोटभर उंच भरले. त्या दोघांमधला फरक मात्र जसाच्या तसा. किल्ला आणि विहीर काही ठरवून वर येत नाहीत. पावसाळा सरला, जमीन वाळली, तसा आमचा दगड खचला होता. तंबूला सपाट रान बघायचं आणि तिथंच दगड पुरायचा, ही आमची जुनी पद्धत.

सदरसाहेबांनी स्वतः लेव्हल लावून पाहिली. नरहरीच्या पाठीवर थाप मारली. पोरगा जिंकला असं वाटून मी विषयाचं काढलं.

"विषय उत्तम आहे," ते म्हणाले. "पण गाईड कोण? मी धरणांचा. तुम्ही?"

"पुलांचा."

"मग?"

त्याच्याबरोबर मीही शिकेन, असं मी म्हणालो. गाईडला विषय आधी यावा लागतो, हे त्यांचं उत्तर. हैदराबादेत परतल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग मी नाद सोडला.

नरहरीनं दगडी धरणावर प्रबंध लिहिला आणि पहिला आला. पेढे द्यायला आला तेव्हा मी अभिनंदन केलं.

"आमच्याकडं धरणच न्हाई, सर," तो म्हणाला. "माती तेवढी हाय."

पुढं बरीच वर्षं मी शिकवलं. कॉलेजात संशोधन कशावर चालतं हे कळायला भोवतालची जमीन बघू नये. गाईड कुठं शिकला ते विचारावं.