वैनींनी शिवलेली खोळ

कशालाही हात लावायचा तो उलटा, पंज्याच्या मागच्या बाजूने, ही वैनींची सवय. दुधाचं पातेलं असो, शेजारणीचं तान्हं असो, नाहीतर उन्हातून आलेल्या माणसाची मान असो. उलटा हात टेकवायच्या, मान किंचित कलती करून थांबायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "वायच कोमट आसा." किंवा, "ह्येका कणकण आसा, पेज घाला."

अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल. तिच्यापुढे थर्मामीटर धरला तर ती हसेल. आमच्या वैनी मात्र ऑफिसात होत्या, आणि एक दिवस तोच उलटा हात टेकवून त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटरला ताप आला आहे.

ऑफिस म्हणजे मालवणच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना, त्याच्या माडीवरची एक खोली. खाली बर्फाच्या लाद्या घसरत यायच्या, वर आम्ही हिशेब ठेवायचो. कुठल्या होडीने किती बर्फ नेला, कुठली मासळी किती टोपल्या मुंबईला गेली, एवढंच. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि शेठनी हौसेने एक कॉम्प्युटर आणला होता. त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला नोकरी लागली.

मी परभणीकडची. शाळा नववीत सुटली. भाऊ एस्टीत कंडक्टर, त्याची बदली मालवण डेपोला झाली, आणि त्याच्या पोळ्या करायला म्हणून मी त्याच्यामागून आले. समुद्र कधी पाहिला नव्हता. पहिला आठवडा तर मी त्याच्याकडे पाठ करूनच बसायची. मग टायपिंग शिकले, कुडाळला कॉम्प्युटरचा एक वर्ग निघाला तो केला. ऑफिसात पहिल्या दिवशी जिना चढले तेव्हा खालून कोणीतरी म्हणालं, "घाटीण इली रे."

वरून वैनींचा आवाज आला, "इली ती इली. जेवली काय ता विचारा."

वैनी म्हणजे कारखान्याच्या जुन्या मेहताजींच्या, हिशेबनिसांच्या, पत्नी. ते वारल्यावर शेठनी त्यांच्याच खुर्चीवर वैनींना बसवलं. मूलबाळ नव्हतं. सगळा कारखाना त्यांना वैनीच म्हणायचा, शेठसुद्धा. त्या वही धरून आकडे वाचायच्या आणि मी मशीनवर टाइप करायची. मी घाबरट. आकडा चुकला की तोंडातून "काय माय" निघायचं. त्या चुकलं असं कधी म्हणाल्या नाहीत. "परत एकदा म्हणूया," म्हणायच्या आणि पहिल्यापासून वाचायच्या, सुरमई, बांगडा, सौंदाळा, देवळात काहीतरी म्हणावं तशा लयीत.

भावाची बदली परत परभणीला झाली तेव्हा माझा प्रश्न आला. वैनींनीच विचारलं, "राहशील खंय?"

"बघते कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे खंय? माज्या घराक भिंती आसत गो, माणसां नाय. पडवीत खाट घालूया."

तशी मी त्यांच्या पडवीत राहायला गेले.

आता खोळीचं सांगते. किनाऱ्यावरच्या माणसाला खाऱ्या वाऱ्याचं फार भय. लोखंड म्हणून जे काही घरात आहे ते गंजणारच, हे तिथे लहान पोरालाही माहीत. कात्री तेलाच्या फडक्यात, शिलाईचं मशीन चादरीत, कपाटाच्या कडीलासुद्धा खोबरेल चोपडलेलं. आमच्या ऑफिसातलं आकडेमोड करायचं जुनं यंत्र वाऱ्यानेच खाल्लं होतं. म्हणून कॉम्प्युटर आला त्याच दिवशी शेठ म्हणाले, "वैनी, ह्या मशिनीक खारो वारो लागता नये. तुमची जबाबदारी."

वैनींनी ती जबाबदारी घेतली. जुन्या वाकळीची, म्हणजे गोधडीची, खोळ शिवली, नाड्या लावल्या. मशीनच्या पाठीमागे एक जाळी होती, तिथून वारा आत शिरेल म्हणून तिच्यात चिंध्या दाबून बसवल्या. काम करताना खोळीचं फक्त तोंड उघडायचं. "न्हाऊन इलेल्या पोराचे कान झाकतत, तसा," असं त्या म्हणाल्या. मला ते शहाणपणाचंच वाटलं. आमच्याकडे वारा कोरडा, मला खाऱ्या वाऱ्यातलं काय कळणार?

आणि मशीन चालत होतं. वीज एवढी जायची की ते सलग फार वेळ चालायचंच नाही. थोडं टाइप करायचं, वीज गेली की चहा प्यायचा.

मग मुंबईहून निरोप आला. आमची मासळी ज्या व्यापाऱ्याकडे जायची त्याच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरून त्याचे सगळे हिशेब पुसले गेले होते. त्याने एक फ्लॉपी पाठवली आणि कळवलं की हिच्यातल्या प्रोग्रामने तुमचं मशीन आधी तपासा, तपासणी पुरी होऊन साफ निघालं तरच यापुढे तुमची हिशेबाची फ्लॉपी आमच्या मशीनला लागेल.

मी फ्लॉपी घातली. पडद्यावर एकेका फाइलचं नाव सरकू लागलं. वैनी शेजारी बसून बघत होत्या. आणि मध्येच नावं थांबली. मी बटणं दाबली, काही नाही. कीबोर्डवरचा छोटा दिवासुद्धा लागेना. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तपासणी लावली, पुन्हा मध्येच थांबलं. आधीपेक्षाही लवकर.

"व्हायरस शिरलो," शेठ म्हणाले. "आणि इलो खंयसून?"

माझ्या पिशवीत कुडाळच्या वर्गातली फ्लॉपी होती. सरावासाठी मी ती एकदा मशीनला लावली होती. ते शेठना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीकडे नुसतं पाहिलं.

कोल्हापूरला मशीनवाल्या कंपनीला ट्रंककॉल लावला. तिथला इंजिनियर म्हणाला, आतल्या कार्डांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत बसवा. मी स्क्रू काढले. वैनींनी बॅटरी धरली. खोडरबर शाळेशेजारच्या दुकानातून आणला होता, त्याला गोड वास येत होता. पट्ट्या चकाकल्या. मी सगळं परत बसवलं, वैनींनी चिंध्या परत भरल्या, खोळ चढवली. तपासणी लावली. ती थांबली.

मग शेठनी नारळ आणवला. कोकणात अडचण आली की देवाला गाऱ्हाणं घालतात, एक जण बोलतो आणि बाकीचे होकार देतात. बर्फवाले, हमाल, सगळे वर आले. शेठ मशीनपुढे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मशिनीत जी काय बाधा शिरली आसात, ती ज्या वाटेन इली त्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एका हमालाला हसू आवरेना. मला मात्र वाट या शब्दाने धडकी भरली, कारण तेवढं म्हणताना शेठचे डोळे पुन्हा माझ्या पिशवीवर गेले होते.

गाऱ्हाण्यानंतर तपासणी लावली. नावं सरकली, थांबली. तेव्हा वैनी उठल्या. खोळीच्या आत उलटा हात घातला, मान कलती केली.

"ह्येका ताप इलो हा," त्या म्हणाल्या.

"वैनी, मशिनीक ताप येता काय?"

"लोखंडाक नाय येवचो. पण ह्येका इलो हा. बघ गो तू."

मी हात लावला. खरंच तापलं होतं. आणि मग वैनींनी ते केलं जे आपल्यापैकी कुठल्याही बाईने केलं असतं. तापात वारा लागू नये म्हणून खांद्यावरची शाल काढून खोळीवरून आणखी एक वेढा दिला. मीच नाड्या बांधल्या.

त्या संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. "हेडऑफिस नाय आमचा, की दहा माणसा ठेवू. कोल्हापूरचो इंजिनियर येतलो तो सांगात, व्हायरस असलो तर मुंबैचो माणूस मशिनीवर बसतलो. तू मगे आपल्या गावाक जा. वायट वाटून घेव नको."

गावाला परत जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. नववी सुटलेली पोर चार माणसांत बसून आकडे टाइप करते, ही गोष्ट तिथे कोणी खरीसुद्धा मानली नसती. चूल होती, आणि तिच्यापुढचा पाट. घरी आल्यावर मी जेवले नाही. वैनींनी पानात भात वाढला आणि समोर बसून राहिल्या.

"जेव. इंजिनियर येवचो आसा. आधीच कित्याक रडतंस?"

इंजिनियर आला तो गगनबावड्याचा घाट उतरून, तळेऱ्याला गाडी बदलून, कपाळाला रुमाल बांधून. तरुण होता, बोलायला चांगला. त्याने मला पहिल्यांदा विचारलं, "एकाच फाइलीवर थांबतं का दर वेळी?"

"नाही, दर वेळी वेगळ्या."

"मग व्हायरस वाटत नाही," तो म्हणाला. "सकाळी लांबपर्यंत जातं आणि दुपारी लवकर थांबतं, असं होतं का?"

मी वैनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तसाच होता."

त्याने शाल सोडली, खोळ काढली, मशीन फिरवलं आणि दोन बोटांनी चिंध्या उपसायला लागला. वाकळीचा तुकडा, धोतराचा काठ, कापूस. टेबलावर छोटा ढीग झाला.

"इथं पंखा आहे," तो म्हणाला. "मशीन ह्याच्यातून श्वास घेतं. टायपिंगला एवढं तापत नाही, पण तपासणीत सगळी डिस्क सलग फिरते. तापतं आणि अडकतं. कोणी कोंबलं हे?"

खोलीत मी होते, शेठ होते, वैनी होत्या. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मलाच माहीत नाही, कारण शेवटच्या नाड्या माझ्याच हातच्या होत्या. पण माझ्याआधी वैनी पुढे झाल्या.

"मी कोंबलंय. खोळय माजी, चिंधयेय माजे. ह्या चेडवाक काय एक म्हणू नकात शेठ. तिणां काय्येक करूक नाय."

चेडू म्हणजे पोर, आणि लेकही. खारा वारा लागू देऊ नका असं शेठनीच सांगितलं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. शेठनाही आठवलं असेल. ते खिडकीकडे बघत राहिले.

तपासणी लावली. उघड्या पाठीच्या त्या मशीनचा पंखा आम्ही पहिल्यांदा ऐकला. नावं सरकत राहिली, सरकत राहिली, आणि खाली ओळ आली की काही सापडलं नाही. वैनींनी मला विचारलं, "काय म्हणता?"

"साफ आहे, वैनी."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं आनंदाने.

इंजिनियरसमोर शेठना बहुतेक लाज वाटली असावी. माणसं लाजेने जेवढं दुखवतात तेवढं रागाने दुखवत नाहीत. ते म्हणाले, "वैनी, उद्यापास्ना मशिनीच्या खोलयेत तुमी येव नकात."

"बरां," वैनी म्हणाल्या.

आणि त्या आल्या नाहीत. खाली बर्फाच्या खिडकीशी चिठ्ठ्या द्यायला बसल्या. मी कितीदा म्हटलं की शेठशी बोलते. "गप ऱ्हव. तुजी नोकरी नवी आसा," म्हणायच्या. वर मी आकडे आता स्वतःच वाचायची आणि स्वतःच टाइप करायची. पुढे वह्या बंद झाल्या. मग खिडकीशीही एक पोरगा बसवला. वैनींना कोणी जा म्हटलं नाही, पण त्यांच्यापुढे काही ठेवायचंही कोणाला सुचेना. दोडामार्गला त्यांची थोरली बहीण होती, काजूच्या बागेत एकटी, डोळ्यांनी अधू. एक दिवस वैनींनी ट्रंक भरली.

"तिका बघूक कोण नाय," त्या म्हणाल्या. "तू हयसर ऱ्हव. दाराक तेल घालीत जा."

एस्टी स्टँडवर मी रडत होते आणि त्या कंडक्टरला दम देत होत्या, ट्रंक आडवी टाकू नको म्हणून. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या गळ्याला उलटा हात लावला. "नाय, ताप नाय," म्हणाल्या. गाडी सुटली.

मी दर सणाला जायचं ठरवायची. नोकरीतून सुट्टी मागायला घाबरायची. दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायच्या आधी फोन आला, तो शेठनी घेतला. ते वर आले आणि दारातच थांबले.

"वैनी गेली गो."

मग म्हणाले, "खालती जीप आसा. तू जा. मी खंयच्या तोंडान येव?"

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. केळींच्या मधून वाट, पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, ओट्यावर बायका बसलेल्या. बहिणीने चाहूल ऐकून विचारलं, "कोण ता?"

"मालवणहून आले. वैनींच्या ऑफिसातली."

"अगो, चेडू इला!" ती आत वळून ओरडली. "तिचा मालवणचा चेडू इला!"

बायका उठल्या. एकीने माझा हात धरला. "आवशीक शेवटचा बघूक गावला नाय मां तुका? कायम तुजीच गजाल सांगी. मशिनीचो ताप कोणाक उतरूक नाय, तो माज्या चेडवान उतरवलो, असा म्हणी."

मी सांगणार होते की असं झालं नव्हतं. सांगणार होते की माझी आई परभणीकडे आहे, चांगली हिंडतीफिरती आहे. बहीण तिच्या अंधूक डोळ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती.

"व्हय," मी म्हटलं.

बायकांनी सरकून भिंतीच्या कडेला जागा केली. आमच्याकडे आई गेल्यावर लेकी ओढतात तसा मी पदर पार कपाळापर्यंत ओढला आणि त्यांच्या ओळीत बसले.