उपड्या कढईचा रणगाडा

श्रावणात एका दुपारी माझे पती वारले. ते एका अरब देशात होते, मी मंगरूळपीरला. शाळेत तास चालू होता. फोन आला, मी खडू ठेवला आणि वर्गाबाहेर आले.

लग्नानंतरची बरीच वर्षं ते आपल्या लष्करात रणगाडे दुरुस्त करत होते आणि मी इथे शिकवत होते. सुट्टीत यायचे, जायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही गावाबाहेर दोन खोल्या बांधायला काढल्या. आता तरी एका छपराखाली राहावं, एवढंच मला हवं होतं. भिंतींना प्लास्टर व्हायचं होतं तेव्हाच तिकडच्या लष्करी वर्कशॉपमधलं कंत्राटी काम चालून आलं.

"दोनच वर्स," ते म्हणाले. "मंग तू हाकललं तरी जात नाही."

तिकडचे बरेच रणगाडे जुने होते. एका देशाने बनवलेले, दुसऱ्याने वापरून विकलेले, आणि आता या तिसऱ्याकडे आलेले. आतल्या खटक्यांवर रशियन अक्षरं, त्यांच्यावर मधल्या मालकाच्या भाषेतली पट्टी, तिच्यावर अरबी. मला नवल वाटायचं.

"एवढे पैशेवाले लोक, मंग जुनं काहून घेतात?"

"नवे बी हायेत ना. पन नव्याची वाट पाहा लागते, तवर जुनं चालते. तू नाही का जुनी पुस्तकं आनत?"

"मी एकातली पानं फाडून दुसऱ्यात लावत नाही."

"आमाले लावा लागते, मास्तरीणबाई. सुटा भाग कुठी मिळत नाही."

वर्कशॉपमध्ये फोन नेता येत नसे, त्यामुळे त्यातला एकही रणगाडा मी पाहिलेला नाही. संध्याकाळी खोलीवर आले की ते व्हिडिओ कॉल लावत आणि ओट्यावर भांडी मांडून मला दाखवत. उपडी कढई म्हणजे वरचा फिरता घुमट, तिला टेकवलेलं लाटणं म्हणजे तोफ. मी इकडे वह्या तपासत ऐकायची. भूक लागली की ते मध्येच लाटणं उचलून पोळ्या लाटायला बसत आणि माझा रणगाडा बिनतोफेचा होई.

त्यांतल्या सगळ्यात जुन्याला ते म्हातारा म्हणत. त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. दोन वर्षं झाली, आणि त्यांनी तिसऱ्याला होकार दिला. रणगाड्यांचा अजून एक लॉट वेगळ्याच देशातून आला होता आणि वर्कशॉपमधल्या लोकांचा हात त्यावर बसला नव्हता. मी भांडले नाही. दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते हसतच फोनवर आले. हाताला हळद होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, वर्षभर जू तिथेच घासतं म्हणून, आणि उद्याचं आवतन देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवतन दिलेलं जनावर दुसऱ्या दिवशी जुंपत नाहीत. यांनी मेसमधून तूप-हळद आणून म्हाताऱ्याच्या चाकाला चोळली होती, जिथून पट्टा ओढला जातो त्या चाकाला.

तिथला सार्जंट कामगारांकडून मोडकं हिंदी शिकला होता, यांना उस्ताद म्हणे. हे चाकाला चोळत असताना तो मागे येऊन उभा राहिला होता.

"उस्ताद, ये पूजा है?"

"पूजा नहीं, मालिश."

"मालिश ठीक है," तो म्हणाला आणि खाली वाकून दुसऱ्या बाजूच्या चाकाला स्वतःच चोळू लागला.

"मंग म्या त्याले सांगतलं, उद्या याले जुंपू नका," हे मला म्हणाले. "आवतन देलं आता. तर म्हने, उद्या सरावाले न्याचा हाये. डोकं खाजवलं त्यानं. मंग म्हने, ब्रेक खराब है."

ते पोटभर हसले. मला हसू आलं नाही.

"अन् तुमाले कोन आवतन देईन?" मी विचारलं. "लोखंडाले सुटी देली. तुमी कधी सुटान?"

हळदीचा हात त्यांनी फडक्याला पुसला.

"पुढच्या पोळ्याले घरी," ते म्हणाले. "या वेळी खरंच."

या वेळी खरंच होतं. त्यांनी पुढच्या कंत्राटावर सही केली नाही. तिकीट काढलं. मी प्लास्टर आणि रंग करून घेतला, भिंतीचा रंग कॅमेऱ्यातून त्यांनीच निवडला. निघायच्या आठवडाभर आधी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या छातीत दुखलं. नागपूरच्या विमानतळावरून आम्ही त्यांना थेट गावी नेलं.

महिन्याभराने सार्जंटचा फोन आला. आधी तो रडला. मग आम्ही मोडक्या हिंदीत बोललो. म्हाताऱ्याचं मी विचारलं.

"खड़ा है, मॅडम. उसका सामान निकाल के बाकी गाड़ियों में लगाया. उस्ताद बोल के गए थे."

"बाकी चलती हैं?"

"चलती हैं."

मी बरं म्हटलं.

एका घरात राहायचं आमचं झालं नाही. रोज संध्याकाळी बोलणं मात्र झालं. आता रंगवलेल्या दोन खोल्यांत मी एकटी राहते आणि सकाळी शाळेत जाते.